गॅग अडला की बेसबॉल

विनोदी नटाच्या आयुष्यावर लिहायचं म्हटलं की एक साचा आपोआप हाताशी येतो. जगाला हसवलं, स्वतः मात्र आतल्या आत रडला. श्रद्धांजलीचे लेख तर या साच्याशिवाय पुरेच होत नाहीत. मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन, त्याच्या अंगावर तो इतक्या वेळा चढवला गेलाय की खाली मूळ माणूस होता की नाही अशी शंका यावी. आणि साच्याला लागणारा माल त्याच्या आयुष्यात भरपूर आहे. लहानपणी रंगमंचावर आदळआपट, मोडलेलं लग्न, तुटलेली मुलं, दारू, हातची गेलेली नोकरी, आणि सगळं होऊन गेल्यावर म्हातारपणी झालेले सत्कार. त्यात हा माणूस पडद्यावर हसायचा नाही. म्हणजे ‘दुःखी विदूषक’ म्हणून मोकळं व्हायला काहीच आडकाठी नाही.

माझी आहे. त्या चेहऱ्याकडे मी जितक्या वेळा पाहिलंय तितक्या वेळा मला तिथे दुःख दिसलेलं नाही. तिथे दिसतं ते लक्ष. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजीच्या चेहऱ्यावर असतं तसलं. घड्याळजी उदास आहे असं आपण म्हणत नाही, तो कामात आहे असं म्हणतो.

‘द जनरल’ या १९२६च्या सिनेमातला एक छोटा तुकडा घेऊ. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ. कीटन झालाय दक्षिणेकडचा इंजिन ड्रायव्हर. उत्तरेच्या हेरांनी त्याचं लाडकं इंजिन पळवलंय आणि तो दुसऱ्या इंजिनावरून एकटाच त्यांच्या मागे लागलाय. पळणारे लोक त्याची वाट अडवायला रुळांवर लाकडी स्लीपर टाकत जातात. कीटन इंजिनातून उतरतो, पुढे पळतो आणि रुळांत अडकलेला पहिला स्लीपर उपसायला लागतो. तो निघता निघत नाही. मागून त्याचंच इंजिन सावकाश येतंय. स्लीपर सुटतो त्याच क्षणी इंजिनाच्या पुढची उतरती जाळी त्याला अलगद उचलून घेते. आता हा गडी जाळीवर बसलाय, मांडीवर भलाथोरला ओंडका, खाली उतरायची सोय नाही, आणि समोर रुळावर दुसरा स्लीपर आडवा पडलेला. तो आधी त्या स्लीपरकडे बघतो. मग हातातला ओंडका उचलतो आणि पुढच्याच्या नेमक्या टोकावर आपटतो. रुळावरचा स्लीपर उसळून बाजूला पडतो, हातातलाही गेला. वाट मोकळी. दोन ओझी होती, एका फटक्यात दोन्ही सुटली.

कुठे क्लोजअप नाही, चलाखीने लावलेली कात्री नाही. इंजिन खरं, ओंडका खरा, माणूस खरा. नेम चुकला असता तर इंजिन घसरलं असतं, आणि पुढे बसलेला माणूस सगळ्यात आधी त्याखाली गेला असता. तरीही आपण हसतो ते त्या धोक्याला हसत नाही. आपल्या डोळ्यांदेखत एका माणसाला उपाय सुचला, त्याला हसतो. कीटनचा विनोद असा आहे. अडचण येते, तो तिच्याकडे बघतो, विचार करतो, आणि त्या विचाराला आपण साक्षीदार असतो. तो मधेच हसला तर विचार मोडेल.

न हसायची सवय मात्र त्याला सिनेमाने लावलेली नव्हती. ती फार जुनी.

४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. कारण एवढंच की आईवडील ज्या फिरत्या खेळात काम करत होते त्याचा मुक्काम त्या दिवशी तिथे होता. जो आणि मायरा कीटन. औषधं विकता विकता करमणूक करणारे असले खेळ तेव्हा गावोगाव फिरत. मूळ नाव जोसेफ, घराण्याच्या रिवाजाप्रमाणे. ‘बस्टर’ हे नाव जादूगार हुदिनीने ठेवलं, मी जिन्यावरून गडगडलो आणि रडलो नाही तेव्हा, असं कीटन जन्मभर सांगत आला. अभ्यासक या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. गोष्ट मात्र छान आहे, आणि नटाच्या घराण्यात जन्मलेल्या माणसाला जन्मकथाही जरा सजवून सांगायचा हक्क असावा.

पाच वर्षांचा होता होता तो आईवडिलांच्या जोडीत तिसरा झाला. ‘द थ्री कीटन्स’. वॉडव्हिल म्हणजे गाणी, नकला, कसरती, जादू असं सगळं एका तिकिटात दाखवणारे कार्यक्रम, आणि त्यात कीटन मंडळींचा नंबर असा: बाप मुलाला शिस्त लावतोय, मुलगा खोड्या काढतोय, आणि बाप वैतागून मुलाला फेकतोय. रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर, विंगेत, प्रसंगी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात. नीट पकडता यावं म्हणून मुलाच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असे. न्यूयॉर्कमध्ये बालसंरक्षणाचं काम करणारी संस्था त्यांच्या मागे हात धुऊन लागली होती. मुलाला अधिकाऱ्यांसमोर उभं करून अंगावर वळ आहेत का ते तपासलं जाई. वळ सापडत नसत. पोराला पडायचं कसं ते नीट शिकवलं होतं.

आणि तिथेच त्याच्या लक्षात आलं की आपण पडून उठल्यावर हसलो तर लोक कमी हसतात. चेहरा कोरा ठेवला तर छप्पर उडतं.

या भागापाशी मी दर वेळी अडखळतो. आज कुणी स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलाला तिकीट लावून भिंतीवर फेकलं तर त्याची जागा तुरुंगात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याला फेकलं तो माणूस जन्मभर सांगत राहिला की मला कधी लागलं नाही, मला मजा यायची, बापाने मला माझी कला दिली. त्याचं म्हणणं खोडून काढणारा मी कोण? आणि निमूट मानून तरी कसं घ्यायचं? त्याच्याच आठवणींत हेही आहे की बाप पुढे पुढे पिऊन रंगमंचावर येऊ लागला, आणि असल्या कामात अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे मोडलेलं हाड. १९१७मध्ये आई आणि मुलगा खेळ मोडून निघून गेले. मुलगा एकवीस वर्षांचा होता. नंतर मात्र याच बापाला कीटनने आपल्या सिनेमांत कामं दिली. ‘द जनरल’मध्ये शत्रूपक्षाचा एक सेनाधिकारी दिसतो, तो म्हणजे बाप, जो कीटन. मी त्यातून कुठलाही निष्कर्ष काढत नाही. नोंद करून ठेवतो.

त्याच १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या रंगमंचीय कार्यक्रमात कीटनला आठवड्याला अडीचशे डॉलरचं काम मिळालं होतं. ते सुरू व्हायच्या आधी तो रॉस्को आर्बकलच्या स्टुडिओत गेला. आर्बकल म्हणजे तेव्हाचा बडा विनोदी नट आणि दिग्दर्शक. कीटनला अभिनयापेक्षा कुतूहल होतं कॅमेऱ्याचं. तो यंत्र उघडून बघितल्याशिवाय हलेना. फिल्म आत कशी फिरते, कापतात कशी, जोडतात कशी. मग त्याने अडीचशेचं काम सोडलं आणि आठवड्याला चाळीस डॉलरवर सिनेमात शिरला. यंत्राचं वेड लागलेल्या माणसाला हा हिशेब तोट्याचा वाटत नसणार. मधे काही महिने पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला. तिथे कानाचा संसर्ग झाला आणि ऐकू येणं कायमचं कमी झालं.

परत आल्यावर १९२०मध्ये निर्माता जो शेंकने त्याला स्वतःचा स्टुडिओ दिला. तिथपासून १९२८पर्यंतची आठ वर्षं म्हणजे कीटनचं खरं आयुष्य असं मला वाटतं. सत्तर वर्षांतून ही आठ वजा केली तर तो एक मेहनती, दुर्दैवी नट उरतो. या आठ वर्षांत त्याने एकोणीस छोटे सिनेमे केले आणि मग मोठे.

ते काम व्हायचं कसं, हे त्या सिनेमांपेक्षाही मला जास्त भुरळ घालतं. लिखित पटकथा नसे. गॅग, म्हणजे हसवणारी एखादी करामत, सुचवणारी दोन-तीन माणसं, कॅमेऱ्यावर एल्गिन लेसली, आणि सेट, यंत्रं, पडणाऱ्या भिंती, फिरणारी घरं बांधणारा फ्रेड गॅबुरी. सगळे मिळून गोष्टीची सुरुवात ठरवायचे, शेवट ठरवायचे. मधलं आपोआप जमतं, असा कीटनचा सिद्धांत. चित्रीकरण करता करता एखादा गॅग अडला, पुढे काय होईल ते कुणालाच सुचेना, की सगळे उठून बेसबॉल खेळायला जात. तीन-चार डाव झाले की कुणीतरी ओरडे, सापडलं! मग बॅट टाकून परत कॅमेऱ्याकडे. तिथे कामाला घेताना दोनच प्रश्न विचारत असत म्हणे: अभिनय येतो का, आणि बेसबॉल येतो का. पहिल्याचं उत्तर नाही असलं तरी चालत असे.

हे ऐकायला पोरखेळ वाटतं. पण त्यातून निघालेलं काम बघा. ‘द प्लेहाउस’ या १९२१च्या सिनेमात रंगमंचावर एका रांगेत नऊ माणसं दिसतात आणि नऊही बस्टर कीटन. संगणक नाही, काही नाही. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक झाकण, त्यात नऊ उभ्या फटी. एका वेळी एकच फट उघडायची, कीटनने त्या जागी उभं राहून नाचायचं, मग फिल्म नेमकी सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळायची आणि पुढची फट. असं नऊ वेळा. आणि त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा असे. म्हणजे लेसलीने नऊही वेळा दांडी त्याच वेगाने फिरवली, नाहीतर एक कीटन दुसऱ्यापेक्षा भरभर हलला असता. कीटन नंतर या करामतीचं सगळं श्रेय लेसलीच्या हाताला देत असे.

‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये तो सिनेमाघरातला ऑपरेटर आहे. झोप लागते आणि स्वप्नात तो चालू सिनेमाच्या पडद्यात शिरतो. पडद्यावरची दृश्यं बदलतात, माणूस तोच राहतो. बाकावर बसायला जावं तर बाक गेलेला आणि रस्ता आलेला. पाण्यात सूर मारावा तर खाली बर्फ. यासाठी त्यांनी जमीन मोजायची उपकरणं आणून कॅमेऱ्यापासून माणसाचं अंतर दर वेळी मोजलं. याच सिनेमात तो रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो, आणि पाण्याचा लोंढा त्याला खाली रुळांवर आदळतो. डोकं ठणकलं, थोडा वेळ पडून राहिला, पुढे कामाला लागला. बऱ्याच वर्षांनी भलत्याच कारणाने काढलेल्या एक्सरेत डॉक्टरांना दिसलं की याची मान कधीतरी मोडून जुळलेली आहे. मोडलेल्या मानेचा तो शॉट सिनेमात तसाच आहे.

आणि ‘सेव्हन चान्सेस’चा किस्सा तर मी कुणालाही ऐकवतो. वारसाहक्काच्या पैशासाठी लग्नाला उतावीळ झालेल्या शेकडो नवऱ्या कीटनच्या मागे लागल्यात. सिनेमा आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवून बघितला. शेवटची पळापळ थंड गेली, फक्त एका ठिकाणी लोक अचानक हसले. कुठे हसले म्हणून फिल्म तपासली तर दिसलं की डोंगरउतारावरून पळताना कीटनच्या पायाने एक धोंडा सुटलाय, त्याने दुसरे दोन सुटलेत आणि ते त्याच्या मागे लागलेत. निव्वळ अपघात. दुसरा कुणी म्हणाला असता, चला, एक हशा फुकट मिळाला. या मंडळींनी खोट्या धोंड्यांचा ढीग बनवला, लहानांपासून माणसापेक्षा उंच, परत डोंगरावर गेले आणि धोंड्यांची पळापळ नव्याने चित्रित केली. कीटन धोंडे चुकवत पळतो तो भाग आज त्या सिनेमाची ओळख आहे. लोक कुठे हसतात हे ऐकायला कान लागतो. ते ऐकून पुन्हा डोंगर चढायला स्टुडिओ स्वतःचा लागतो.

मग ‘द जनरल’. ऑरेगन राज्यातलं कॉटेज ग्रोव्ह हे गाव निवडलं, कारण तिथे जुन्या पद्धतीचे रूळ अजून होते. सैनिक म्हणून राज्याच्या नॅशनल गार्डचे जवान घेतले. त्यांना एकदा दक्षिणेचे राखाडी गणवेश घालून एका दिशेला पळवायचं आणि मग उत्तरेचे निळे घालून उलट दिशेला. २३ जुलै १९२६ रोजी जळत्या पुलावरून खरं इंजिन नदीत पाडलं. एकच शॉट, दुसरी संधी नाही, खर्च सुमारे ४२ हजार डॉलर. मूकपटांच्या काळातला सगळ्यात महाग शॉट म्हणून तो ओळखला जातो. आजूबाजूच्या गावांतून हजारो माणसं बघायला लोटली होती. ते इंजिन नदीतच पडून राहिलं आणि दुसऱ्या महायुद्धात भंगारात निघालं.

सिनेमा पडला. समीक्षकांनी लांबलचक आणि कंटाळवाणा म्हटलं. खर्च साडेसात लाखांच्या आसपास, आणि अमेरिकेतली वसुली पाच लाखांच्याही आत. आज जगातल्या सर्वोत्तम सिनेमांच्या याद्यांत त्याचं नाव असतं, पण त्याचा १९२७च्या हिशेबाला काही उपयोग नव्हता. शेंकचा हात आखडला.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधली ती भिंत बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. वादळात कीटन घरासमोर गोंधळून उभा आहे, आणि दुमजली घराची पूर्ण दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते. वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्याभोवती येते म्हणून तो वाचतो. भिंत खरी, वजन सुमारे दोन टन. चारी बाजूंना काही इंचांची फट. उभं राहायची जागा जमिनीत खिळा ठोकून पक्की केलेली. हाच गॅग त्याने आधी ‘वन वीक’मध्ये हलक्या भिंतीने केला होता, आणि त्याच्याही आधी आर्बकलच्या एका सिनेमात रंगवलेल्या पडद्याने. कल्पना तीच ठेवून वजन वाढवत नेलं. त्याच सुमारास शेंकने त्याला सांगितलं होतं की स्टुडिओ बंद करतोय. म्हणून त्याला त्या दिवशी जिवाची पर्वा नव्हती, असं पुष्कळदा लिहिलं जातं. साचा पुन्हा आलाच. मला तो खिळा जास्त बोलका वाटतो. जिवावर उदार झालेला माणूस मोजमाप करून खिळा ठोकत बसत नाही.

१९२८मध्ये शेंकच्या सांगण्यावरून कीटनने एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या सिनेमा कंपनीशी करार केला. शेंकचा सख्खा भाऊ त्या कंपनीच्या वरच्या खुर्चीत होता. चॅप्लिनने आणि हॅरोल्ड लॉइड या दुसऱ्या विनोदी नटाने जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं. आठवड्याला तीन हजार डॉलर. कीटन पुढे याला आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणत असे.

बोलपट आले आणि कीटन संपला, हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की ते खोटं आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. बोलपटांनी कीटनचं काही वाकडं केलं नाही. वॉडव्हिलमध्ये वाढलेला माणूस, आवाज भरदार, जरा घोगरा. एमजीएममधल्या त्याच्या बोलपटांनी पैसे चांगले मिळवले, काहींनी तर त्याच्या जुन्या उत्कृष्ट मूकपटांपेक्षा जास्त. गेलं ते दुसरंच काहीतरी. एमजीएममध्ये काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक दृश्य कागदावर लागे. पानांवर सह्या लागत. गॅग अडला तर लेखन विभागाकडे चिठ्ठी जाई. लेसली, गॅबुरी, गॅगवाले, सगळे हळूहळू पांगले. कामाच्या वेळात बेसबॉल खेळणाऱ्यांचा पगार कुठल्या खात्यात दाखवायचा हा प्रश्न तिथल्या हिशेबनिसाला पडला असता.

पहिला सिनेमा ‘द कॅमेरामन’ मात्र अजून त्याचा आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याला बघायला एवढी गर्दी जमली की कागदावरचा बराचसा भाग सोडून द्यावा लागला, आणि जुन्या पद्धतीने सुचेल तसं काम झालं. त्यात एक दृश्य आहे. वार्ताचित्रांचा छायाचित्रकार झालेला कीटन सामना टिपायला यँकी स्टेडियमवर जातो, तर त्या दिवशी सामनाच नाही. मैदान रिकामं. मग तो एकटाच खेळतो. चेंडू फेकणारा तोच, मारणारा तोच, धावणाऱ्याला मागे हटवणारा तोच. हातात चेंडू नाही, बॅट नाही, संघ नाही. एमजीएमने कात्री लावायच्या आधीचा तो शेवटचा मोकळा डाव. या दृश्यावर मी अजून बरंच लिहू शकतो, पण ते बघायचंच असतं.

पुढची पाच वर्षं मी भरभर ओलांडतो. त्या काळी एकच बोलपट वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा चित्रित करत. कीटनने न कळणाऱ्या स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन ओळी उच्चार पाठ करून म्हटल्या. जिमी ड्युरँट नावाच्या तोंडाळ विनोदी नटाशी त्याची जोडी लावली. दोघांचा विनोद एकमेकांच्या तंगड्यात तंगडी घालणारा. कीटन प्यायला लागला, कामावर येईनासा झाला, आणि १९३३मध्ये कंपनीने त्याला काढून टाकलं.

घर त्याआधीच मोडलं होतं. १९२१मध्ये त्याने नॅटली टालमजशी लग्न केलं होतं. टालमज बहिणींपैकी नॉर्मा आणि कॉन्स्टन्स या मोठ्या नट्या, आणि नॉर्माचा नवरा म्हणजे जो शेंक. म्हणजे कीटनचा निर्माता त्याचा साडू. मालक, नातलग आणि करार एकाच पंगतीत. बेव्हर्ली हिल्समध्ये सुमारे तीन लाख डॉलर घालून इटालियन पद्धतीचा वाडा बांधला. दोन मुलगे झाले. १९३२मध्ये घटस्फोट झाला, वाडा गेला, आणि मुलांचं आडनाव कायद्याने बदलून टालमज करण्यात आलं. पुढची बरीच वर्षं त्याची मुलांशी धड भेट नव्हती. ती मोठी झाल्यावर आपणहून भेटायला आली. या भांडणात कोण किती चुकलं हे त्या घराबाहेरच्यांनी ठरवू नये. नॅटली पुढे कधी त्याबद्दल बोलली नाही, आणि जो बोलतो त्याचीच बाजू इतिहासात राहते. त्यानंतर दारूच्या धुंदीत, व्यसनावरच्या उपचारांत भेटलेल्या परिचारिकेशी दुसरं लग्न. ते १९३६पर्यंत टिकलं.

साचा इथे थांबतो, मग थेट म्हातारपणच्या सत्कारांवर उडी मारतो. मधली वीस-बावीस वर्षं कुणाला नको असतात. मला हवी आहेत.

कारण १९३७च्या सुमारास कीटन त्याच एमजीएममध्ये परत गेला. पगार आठवड्याला शंभर डॉलर. हुद्दा: गॅग सुचवणारा. ज्या फाटकातून तो मालकाच्या तोऱ्यात आत जात असे, तिथूनच आता दुसऱ्यांच्या अडलेल्या दृश्यांना हात द्यायला जाऊ लागला. मार्क्स बंधू, रेड स्केल्टन असे विनोदी नट. अपमान म्हणायचा तर म्हणा. तो मात्र रोज जात होता, वर्षानुवर्षं. कुणाचा तरी गॅग अडायचा आणि तो सोडवायला याला बोलावणं यायचं. पाटी बदलली, पण धंदा पुन्हा तोच सुरू झाला होता.

१९४९च्या ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ या सिनेमात एका किमती व्हायोलिनचा चुरा व्हायला हवा होता. हसू यायला हवं, मारून मुटकून वाटायला नको, आणि ज्याच्या हातून होईल तो माणूस गाढव वाटायला नको. दिग्दर्शकाने कीटनला विचारलं. कीटनने पडण्याची एक साखळी बसवली. एक पाय घसरतो, तोल सावरता सावरता दुसरं काही लटपटतं, आणि व्हायोलिन वाचवायच्या धडपडीतच ते अंगाखाली सापडतं. करून दाखवलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की हे असं दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. म्हणून ती भूमिका कीटनलाच दिली. चौपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याच कंपनीच्या पडद्यावर, इतक्या वर्षांनी.

त्या सुमारास घरीही बरं चाललं होतं. एलेनर नॉरिस ही एमजीएममधली नर्तकी त्याच्याकडे पत्त्यांतला ब्रिज शिकायला म्हणून यायची. १९४०मध्ये त्यांनी लग्न केलं. ती एकवीस, तो चव्वेचाळीस. सगळ्यांनी डोकी धरली. ते लग्न त्याच्या मरणापर्यंत टिकलं. एलेनरने पॅरिसच्या सर्कसमध्ये त्याच्याबरोबर रिंगणात काम केलं, दौरे सांभाळले, पैसा सांभाळला, आणि त्याच्या मागे तीस वर्षं त्याचे सिनेमे जगभर दाखवले जावेत म्हणून फिरली. चरित्रांमध्ये तिला दीड पान मिळतं, दारूला पाच. हे प्रमाण मला पटत नाही.

मग जुने सिनेमे सापडायला लागले. १९४९मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने ‘लाइफ’ साप्ताहिकात मूकपटांतल्या विनोदवीरांवर मोठा लेख लिहिला आणि कीटनकडे पुन्हा लक्ष गेलं. तो बेव्हर्ली हिल्सचा वाडा पुढे जेम्स मेसन या नटाने विकत घेतला होता, त्याला तिथल्या एका बंद खोलीत फिल्मचे डबे सापडले. नायट्रेट फिल्म, कधीही पेट घेईल अशी. रेमंड रोहावर नावाच्या संग्राहकाने कीटनच्या साथीने ती उतरवून घेतली. १९५०च्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये विस्मृतीत गेलेल्या नटांच्या पत्त्यांच्या डावात तो बसलेला दिसतो. संवाद म्हणाल तर ब्रिजमधला ‘पास’, तोही दोनदा. १९५२मध्ये चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्ये दोघे पडद्यावर पहिल्यांदाच एकत्र आले. चॅप्लिन व्हायोलिनवर, कीटन पियानोवर, आणि पियानोवरचे कागद काही केल्या जागेवर राहीनात. स्वतःच्या आयुष्यावरच्या एका सुमार सिनेमाचे हक्क विकून जे पन्नास हजार डॉलर आले त्यातून कॅलिफोर्नियात वुडलँड हिल्सला घर घेतलं. तिथे कोंबड्या पाळल्या आणि बागेत खेळण्यातली रेल्वे टाकली, ती पाहुण्यांना खाणंपिणं आणून द्यायची. १९६०मध्ये मानद ऑस्कर मिळालं.

१९६४मध्ये नाटककार सॅम्युअल बेकेटने लिहिलेल्या ‘फिल्म’ या लघुपटात त्याने काम केलं. बेकेट मुद्दाम त्यासाठी न्यूयॉर्कला आला होता, अमेरिकेची त्याची ती एकमेव भेट. कीटनने प्रामाणिकपणे सांगितलं की मला यातलं काही समजलं नाही, आणि एक-दोन गॅग सुचवून बघितले. ते घेतले गेले नाहीत. मला हा लघुपट आवडत नाही, मोठमोठ्या माणसांना आवडला तरी. चेहऱ्यासाठी ओळखला जाणारा नट घ्यायचा आणि शेवटपर्यंत त्याची पाठच दाखवायची, यात हुशारी आहे, पण कीटनला तिथे करायला काही काम नाही.

त्यापेक्षा त्याच वर्षी कॅनडात केलेला ‘द रेलरॉडर’ बघावा. रुळांवरून चालणाऱ्या छोट्या मोटारगाडीवर बसून एक म्हातारा देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जातो, एवढीच गोष्ट. आणि तो बनत असताना टिपलेला ‘बस्टर कीटन राइड्स अगेन’ हा माहितीपट त्याहून बघावा. एकोणसत्तर वर्षांचा कीटन आगगाडीच्या डब्यात पत्ते खेळतोय, खोकतोय, आणि दिग्दर्शकावर चिडलाय. भांडण एका गॅगवरून आहे. मोठा नकाशा वाऱ्याने अंगाभोवती गुंडाळला गेलाय, समोरचं काही दिसत नाही, आणि गाडी उंच पुलावरून चाललीय, असं कीटनला हवंय. दिग्दर्शकाला भीती वाटते, म्हातारा पडेल. कीटनचं म्हणणं, यात धोका कसला, माझ्यासाठी हा पोरखेळ आहे. बराच वेळ धुसफुसतो. मग नकाशाही होतो आणि पूलही होतो, त्याला हवा तसा. या माहितीपटातला कीटन दुःखी दिसत नाही. गॅग अडल्यामुळे वैतागलेला दिसतो, आणि सुटल्यावर खूष.

१९६५च्या व्हेनिस महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. आजार काय आहे हे त्याला सांगितलं नव्हतं.

त्याचे मूकपट आता हक्कमुक्त आहेत, सहज सापडतात. सुरुवात ‘द जनरल’पासून करू नका, तो थोडा सरावल्यावर बघायचा आहे. ‘वन वीक’पासून करा, वीसेक मिनिटांचा आहे, नवविवाहित जोडप्याच्या घर जोडण्याच्या संचातल्या खोक्यांचे आकडे कुणीतरी बदललेत. मग ‘शेरलॉक ज्युनियर’. त्यानंतर ‘द कॅमेरामन’. आणि एक सांगतो, या सिनेमांना नंतर चिकटवलेलं संगीत बऱ्याच प्रतींमध्ये भयंकर आहे, पडण्याआधीच ‘आता हसा’ म्हणून ढोल वाजवणारं. तसलं वाजायला लागलं तर सरळ आवाज बंद करा.